गोल कोपरा

धाकटीचा उजवा हात तिच्या नवऱ्याने मोडला. तिच्याच तांब्याच्या प्लेटने मोडला, आणि जगाला सांगितलं, जिन्यावरून पडली. हे मी आधीच सांगून टाकते. आमच्या घरात मुद्द्याची गोष्ट निघते ती चहा होऊन पाहुणे चपला घालायला लागले की मग. मला ते जमत नाही. मी फटकळ आहे. आई म्हणते माझ्या जिभेला हाड नाही, आणि खरंच नाही.

वडील भुसावळहून रेल्वेच्या नोकरीत झाशीला आले ते रिटायर झाल्यावरही परत गेले नाहीत. खंडेराव गेटच्या आत त्यांनी लहानसं घर घेतलं. पुढे दुकान, मागे आम्ही राहतो, वडील गेल्यापासून आई आणि मी. मी लग्न केलं नाही, आणि आता कोणी विचारतही नाही. दुकानात मी फ्रेमा करते. देवांचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो, पोरांची सर्टिफिकिटं. पोट त्यावर चालतं. पण मधल्या खोलीत एक लोखंडी प्रेस आहे, दोन जाड रुळांची, हाताने चाक फिरवून चालवायची. जीव तिच्यात आहे माझा. चित्र काढता येत नाही हे मला ग्वाल्हेरच्या कॉलेजात कळलं. छापता येतं आणि छापलेलं ओळखता येतं, हेही तिथेच कळलं. चित्र काढणारी आमची धाकटी. ती माझ्यामागून बऱ्याच वर्षांनी त्याच कॉलेजात गेली. तिच्या हातात सुई आली की तांबं लोण्यासारखं व्हायचं.

काम असं असतं. तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडून चित्र काढायचं. ओरखड्यांत शाई भरायची, वरची पुसायची, ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढायचं. लोक विचारतात, ‘दीदी, छपा हुआ है तो ओरिजिनल कैसे?’ मग माझी गाडी सुटते. अहो, सुई ओढली की तांब्याची बारीक कोर वर उठते. ती शाई धरते, म्हणून रेघ मखमली दिसते. पण प्रत्येक वेळी दाबाखाली ती कोर बसत जाते आणि थोड्याच प्रती चांगल्या निघतात. म्हणून किती काढायच्या ते आधी ठरवायचं आणि तेवढ्याच काढायच्या. खाली पेन्सिलीने डावीकडे नंबर, उजवीकडे सही. शेवटची प्रत निघाली की प्लेट मारायची, म्हणजे चित्राच्या तोंडावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत खोल चरा ओढायचा. पुन्हा कोणी छापलीच, तर चराही छापला जाईल. मग त्या मारलेल्या प्लेटची एक प्रत पुरावा म्हणून काढून ठेवायची. आपलं चित्र आपल्याच हाताने मारायचं, असा हा आमचा धंदा आहे.

आजूबाजूचे चित्रकार आपल्या प्रती माझ्याकडे आणतात. मी भिंगातून बघते, बोटाने बघते, आणि मग लेबल लिहिते. चित्राचं नाव, प्रत कितवी, प्लेट मारली की नाही, आणि प्रतीत काही दोष असेल तर तोही. माझं लेबल असलं की घेणारे डोळे मिटून घेतात. एकदा एकाने बॉलपेनने नंबर घातलेल्या प्रती आणल्या होत्या. तो पायऱ्या उतरून गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मी त्याला झापत होते.

तर धाकटीची ती प्लेट. चिरगावच्या बसस्टँडवरची बाई होती तिच्यात. पोत्यावर बसलेली, काखेत कोंबडा दाबलेला, आणि समोर अशी बघतेय की बघणाऱ्यानेच नजर खाली घालावी. वीस प्रती ठरल्या होत्या. वीसच्या वीस माझ्या प्रेसवर निघाल्या, तिच्या सह्या झाल्या, लेबलं लागली, बहुतेक विकल्याही गेल्या. प्लेट मारायची तेवढी राहिली. धाकटी म्हणाली, ‘ताई, ही मी घरी नेऊन मारते. तुझ्यासमोर मला रडू येईल.’ मी म्हटलं, ने बाई. तिच्या जुन्या प्लेटाही तिकडेच असायच्या, पलंगाखाली पेटीत.

तिचा नवरा इंजिनियर. कारखान्यात तयार मालाची तपासणी करतो. आपल्यातलाच, नागपूरकडचा, दिसायला देखणा, बोलायला मऊ. लग्नात आईने त्याची दृष्ट काढली होती. मारायचा तो पहिल्या वर्षापासून. पाठीत, दंडावर, जिथे झाकलं जाईल तिथे मोजूनमापून. धाकटी पुऱ्या बाह्यांचे ब्लाउज शिवून घ्यायला लागली. झाशीच्या जूनमध्ये पुऱ्या बाह्या घालणारी बाई बघून कोणीही समजावं. आई समजली नाही, किंवा तिला समजायचं नव्हतं. ‘पदरी पडलं पवित्र झालं,’ एवढंच म्हणायची. मला तिचा इतका राग यायचा की मी जेवत नसे.

त्या रविवारी दुपारी धाकटीने जेवणाच्या टेबलावर प्लेट मांडली आणि सुई घेतली. तो म्हणाला, ‘हे काय चाललंय? चालू मशीन कोण फोडतं?’ ती म्हणाली, रीत आहे. तो म्हणाला, ‘रीत गेली खड्ड्यात. लोक मागतायत तोवर छापायचं.’ तिने सुई टेकवली. त्याने तिचं मनगट टेबलावर दाबून धरलं, दुसऱ्या हाताने प्लेट उचलली आणि तिचा कोपरा मनगटावर आणला. एकदा नाही. कोपरा वाकेपर्यंत. हे तिने मला नंतर सांगितलं, भिंतीकडे तोंड करून.

ती ई-रिक्षाने आली, हात ओढणीत गुंडाळलेला. रिक्षावाला मलाच ओरडला, ‘दीदी, इनको सीधे अस्पताल ले जाना था ना!’ शेजारची बांगडीवाली धावत आली, ‘का हो गओ, बिन्नू?’ धाकटी तोंड उघडणार, तोच आई दारातून म्हणाली, ‘जीने से गिर गई.’ जावयाचा फोन तोवर येऊन गेला होता. जिना! अहो, त्यांचं क्वार्टर तळमजल्याचं. दारासमोर एक पायरी आहे, तीसुद्धा झिजून सपाट झालेली.

हात प्लॅस्टरमध्ये घालून आणल्यावर मी चौकीत जायला निघाले. आई उंबऱ्यात बसली. उठेना. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची,’ म्हणाली.

‘मूठ?’ मी ओरडले. ‘आई, मूठ उरली आहे का तिची?’

आई रडली, पण उंबऱ्यातून उठली नाही. धाकटीनेच मला खूण केली, राहू दे म्हणून. मी चप्पल भिंतीवर फेकून मारली. दुसरं काय करणार होते?

प्लॅस्टर निघालं तेव्हा मनगट वाकडंच जुळलेलं निघालं. अंगठा बोटाला टेकेना. पेन्सिल दिली की गळून पडायची. आणि मग त्याचे फोन सुरू झाले. आधी गोड. मग एक दिवस म्हणाला, यायचं नसेल तर पेटी भंगारवाल्याला देतो. त्या दिवसापासून धाकटीचं चित्त उडालं. कॉलेजापासूनचं तिचं सगळं काम त्या पेटीत होतं. डाव्या हाताने वाटाणे सोलता सोलता मला म्हणाली, ‘ताई, मी जाते परत.’

‘दुसरा हात मोडून घ्यायला?’

‘माझ्या प्लेटा आहेत तिकडे. दुसरं आहे काय माझं?’

आई लगेच म्हणाली, ‘जाईल ती. बाईने घर टाकू नये.’ मी वाटाण्यांची परात उधळली. वाटाणे पार प्रेसखाली गेले. पण धाकटी जाणार हे मला दिसत होतं. ती जाणार, आणि एक दिवस मला नुसताच फोन येणार. मला त्या फोनची भीती वाटत होती. भांडं पडलं तरी दचकायचे मी.

अशात लक्ष्मी गेटजवळच्या एका हॉलमध्ये आमचं प्रदर्शन ठरलं. पाच-सहा जणांची छापचित्रं, लेबलं सगळी माझी. प्रदर्शनाच्या थोडे दिवस आधी जावईबापू दुकानात उगवले. आईच्या पाया पडले, मिठाईचा डबा दिला, आणि माझ्यापुढे एक मोठं पाकीट ठेवलं.

‘ताई, हिच्या स्वतःच्या प्रती आहेत. पडायच्या आधी काढून ठेवल्या होत्या हिने. घरी सापडल्या. तेवढी लेबलं लावून टाका.’

ठरलेल्या प्रतींशिवाय चित्रकार दोन-चार स्वतःसाठी काढतो, ही रीत खरी आहे. मेल्याने माहिती काढली होती. सहीसुद्धा हुबेहूब, आणि पेन्सिलीने.

मी भिंग लावलं. कोंबड्याच्या पिसांतली मखमल गेलेली, रेघा काटकुळ्या. असू शकतं, शेवटच्या प्रतींचं होतं असं. मग कागदावरून बोट फिरवलं. प्रेसमध्ये प्लेटची कड कागदात दबते आणि चित्राभोवती चौकट उठते, हाताला लागेल अशी. धाकटी प्लेटच्या कडा स्वतः कानशीने घासायची. तिचे कोपरे चार तऱ्हांचे, ओबडधोबड, जरा तिरपे. वीस वेळा ते माझ्या बोटाखालून गेले होते. या कागदांवर तीन कोपरे तिचे होते. चौथा गोल होता. नाणं ठेवून आखावा असा गोल. पाकिटातल्या प्रत्येक प्रतीत तोच.

आणि मी गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे घरात नवस फेडायला हवा.

‘प्लेट बघितल्याशिवाय मी लेबल लावत नाही,’ एवढंच म्हटलं. ‘सख्ख्या बहिणीचं असलं तरी नाही.’

तो हसला. ‘उद्या आणतो की. चोरी थोडीच केलीय?’

दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मधल्या खोलीत प्रेससमोरच्या टेबलावर त्याने प्लेट ठेवली. आई चहा घेऊन आली. धाकटी आतल्या दाराशी उभी होती, ओढणीत हात लपवून. मी काही विचारायच्या आत तो स्वतःच सुरू झाला. तपासणीवाला माणूस ना!

‘हा कोपरा वाकला होता. मी वाइसच्या जबड्यात धरून सरळ केला, कानस मारून गोल केला. बघा, एकदम फर्स्ट क्लास फिनिश.’ आणि त्याने त्या कोपऱ्यावरून अभिमानाने अंगठा फिरवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बायकोचं वाकडं मनगट रोज बघायची त्याची तयारी होती, पण वाकडा कोपरा त्याला बघवला नाही.

‘केव्हा केलात गोल?’ मी विचारलं.

‘झाले दोनेक महिने.’

‘म्हणजे हिचा हात मोडल्यावर.’ मी एक प्रत उचलून त्याच्यासमोर धरली. ‘इथे कोपरा गोल आहे. म्हणजे ही त्यानंतर छापली, कुठल्यातरी परक्या प्रेसवर. हिने प्लॅस्टरातल्या हाताने प्रेस फिरवली? प्लॅस्टरातल्या हाताने सही केली?’

त्याने पाकीट आपल्याकडे ओढलं. मग म्हणाला, ‘ताई, घरातल्या घरात काय कोर्ट लावताय?’

‘वाकला कशाने?’

हे मी नाही विचारलं. आईने विचारलं. तिच्या हातात अजून कपबशी होती. आवाज अगदी साधा, दूध उतू गेलं कशाने असं विचारावं तसा. ‘जावईबापू, तांबं आहे हे. कोपरा वाकला कशाने?’

तेवढ्यात धाकटी आत आली. तिने माझ्या टेबलावरची जाड सुई डाव्या हाताने उचलली, प्लेट वाकड्या हाताच्या कोपरापर्यंतच्या भागाने दाबून धरली, आणि चिरगावच्या बाईच्या कपाळावर सुई रोवून खाली ओढली. तांब्यावर त्या आवाजाने दात शिवशिवतात. डाव्या हाताला सवय नव्हती, सुई घसरली, कोंबड्यावरून भलतीकडेच गेली. तिने परत लावली.

‘ए! वेडी झालीस का?’ तो ओरडला आणि त्याने तिचे केस धरून तिचं डोकं प्रेसच्या लोखंडावर आपटलं. मी फ्रेमची सागवानी पट्टी उचलून त्याच्या पाठीत घातली. पट्टी मोडली. तो वळला आणि त्याची मूठ माझ्या तोंडावर बसली. मी खाली पडले. तोंडात रक्त, जिभेवर दाताचा तुकडा. ‘मुडद्या,’ मी म्हणत होते, ‘मुडद्या, सोड तिला!’ पण तो परत तिच्याकडे गेला होता. त्याने तिचं तेच मोडून जुळलेलं मनगट धरलं आणि पिळलं. धाकटी जी किंचाळली ती मला अजून ऐकू येते. सुई मात्र तिने सोडली नाही. ती दुसऱ्या हातात होती.

आई खोलीत नव्हती. मला वाटलं, पळाली. त्या क्षणी मी तिला मनातून कायमची टाकली.

आई स्वयंपाकघरातून बत्ता घेऊन आली. लोखंडी, खलबत्त्यातला, आमच्या आजीच्या वेळचा. तिचे गुडघे गेलेत, भिंत धरून चालते. भिंत सोडून आली, बत्ता दोन्ही हातांनी वर उचलला, आणि जो हात मनगट पिळत होता त्या हातावर आणला. हाडाचा आवाज झाला. तो कळवळून खाली बसला. आईने परत बत्ता उचलला. मी सरपटत जाऊन तिच्या कमरेला मिठी मारली.

‘आई, बस! मरेल तो!’

‘सोड मला,’ आई म्हणाली. ‘त्याने काय एकदाच मारलं होतं?’

तो हात छातीशी धरून गल्लीत गेला, ‘एक-एक को देख लूँगा’ म्हणत. गल्ली जमली होती. कोणी त्याची वाट अडवली नाही, कोणी धरलंही नाही. मागे वळून बघितलं तेव्हा धाकटी जमिनीवर बसली होती. कपाळातून रक्त भुवईवर उतरत होतं, आणि ती प्लेटवर दुसरा चरा ओढत होती, उरलेल्या दोन टोकांमधून. पूर्ण ओढून झाल्यावर तिने सुई ठेवली आणि मग रडली.

या वेळी आम्ही तिघीही चौकीत गेलो. आई पुढे. मी सुजलेल्या तोंडाने बोलू शकत नव्हते, जन्मात पहिल्यांदा, म्हणून सगळं आईने सांगितलं. बत्त्याचंही सांगितलं. केस चालू आहे, तारखा पडतात. आमच्यावरही त्याने केस टाकली आहे, चोराच्या उलट्या बोंबा, पण ते चालायचंच.

मग पोलिसांबरोबर क्वार्टरवर जाऊन आम्ही पलंगाखालची पेटी ओढली. पेटी रिकामी होती. तळाला जुने वर्तमानपत्राचे कागद आणि एक झुरळ. शेजारणीने सांगितलं, भंगारवाला तर केव्हाच घेऊन गेला, दिवाळीच्या साफसफाईत. म्हणजे हात मोडायच्याही आधी. ज्या पेटीसाठी माझी बहीण त्या घरात परत जायला निघाली होती, ती पेटी तिच्या डोक्याखाली रिकामी पडलेली होती आणि ती त्याच पलंगावर झोपत होती. धाकटी पेटीत बघत बसली. मग तिने झाकण लावलं, कडीही लावली. मला तिच्याकडे बघवेना.

तिची म्हणून एकच प्लेट उरली, ती मारलेली. तिची पुराव्याची प्रत आम्ही दोघींनी काढली. चाक तिने डाव्या हाताने धरलं, मी दुसऱ्या बाजूने जोर लावला. कागद उचलला तर चिरगावची बाई दोन चऱ्यांखालून तशीच बघत होती, जराही नजर न हलवता. धाकटीने डाव्या हाताने सही केली, पहिलीतल्या पोरीसारखी. मी लेबल लिहायला बसले आणि दोषाच्या जागेपाशी थांबले. आई मागे उभी होती.

‘प्रतीत दोष असला की लिहितेस ना तू?’ ती म्हणाली. ‘मग लिही.’

मी लिहिलं. मराठीत आणि हिंदीत. ‘एक कोपरा गोल. प्लेटच्या याच कोपऱ्याने चित्रकर्तीचा उजवा हात तिच्या नवऱ्याने मोडला आणि नंतर कोपरा घासून गोल केला. प्लेट चित्रकर्तीने स्वतः, डाव्या हाताने मारली.’

प्रदर्शनात ती प्रत दाराच्या समोरच लावली. लोक हसत आत यायचे, लेबल वाचायचे आणि त्यांचं हसू जायचं. काही जण घाईने पुढच्या चित्राकडे सरकायचे. धाकटीच्या क्वार्टरच्या कॉलनीतल्या दोन बायकांनी तर वाचून धाकटीकडे पाठच केली. आई खुर्ची घेऊन त्या प्रतीच्या बाजूला बसली होती, सकाळपासून. पाणी प्यायलाही उठली नाही.

संध्याकाळी बांगडीवाली आली. तिला वाचता येत नाही. लेबलाकडे बोट करून तिने विचारलं, ‘जे का लिखो है, अम्मा?’

आईने एकदा धाकटीकडे बघितलं. मग खुर्चीच्या हातावर जोर देऊन उभी राहिली.

‘लिखा है, वो जीने से नहीं गिरी थी,’ आई म्हणाली, हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात. ‘उनके घर में जीना है ही नहीं. जमाई ने तोड़ा हाथ. हमको पहले दिन से मालूम था.’